लांडगिणीचा वाटा

शहादेव वनमजूर होता, पण त्याच्या वनात झाडं नव्हती. केजच्या वरच्या अंगाला बालाघाटाचा जो उघडाबोडका माळ पसरलाय, तो सरकारी कागदावर वन आहे. गुडघाभर कुसळी गवत, तरवडाची झुडपं, चार-दोन काटेरी हिवरं आणि बाकी सगळा दगड. या दगडांची राखण करता करता शहादेव चोपन्न वर्षांचा झाला. त्यातली बावीस वर्षं रोजंदारीवर. आज कायम करतो, उद्या कायम करतो म्हणणारे पाच साहेब बदलून गेले, दोन निवृत्त झाले, आणि शहादेव आपला जिथल्या तिथं.

खडकवाडीच्या लोकांना मात्र वाटायचं, सरकार म्हणजे शहादेवच. रानडुकरांनी भुईमूग उकरला की मोहनराव बागायतदार पारावरूनच ओरडायचे, ‘शहादेव, तुझ्या डुकरांना आवर बे!’ हरणांनी हरभरा खाल्ला तर हरणं त्याची. लांडग्यानं मेंढरू नेलं तर लांडगाही त्याचाच. शहादेव पहिल्या पहिल्यांदा हसून म्हणायचा, “येवढं जित्राब माझं असतं तर मी दुसऱ्याच्या रोजावर कावून राबलो असतो?” पुढं पुढं त्यानं हसणं सोडलं आणि नुसती मान हलवायला लागला. मान हलवायला दम लागत नाही.

एक गोष्ट मात्र त्याला पक्की कळली होती, आणि ती त्यानं कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती. नाल्यापलीकडच्या माळावर दहा वर्षांपूर्वी लोकांनी लांडग्यांची बिळं धूर करून बुजवली. तिसऱ्या वर्षापासून तिकडं डुकरांचे कळप माजले. डुकरांची पिलं खायला कुणी उरलंच नाही ना! तिथले शेतकरी आता ऐन थंडीत मचाणावर बसून डबे बडवतात. अलीकडच्या माळावर लांडग्यांचं एक कुटुंब टिकून होतं, म्हणून खडकवाडीला त्यातल्या त्यात झोप मिळत होती. हे तो मोहनरावांना सांगायचा. मोहनराव म्हणायचे, “मग लांडग्यांनाच सांग की, माझी समदी डुकरं खाऊन टाका म्हणून.”

खात्यात नवीन आलेल्या वनरक्षक रोहिणी मॅडमनी शाळेत एकदा कार्यक्रम घेतला होता. परदेशात एका मोठ्या जंगलातले लांडगे संपले, तेव्हा हरणांनी सगळा पाला ओरबाडून नदीकाठ बोडका केला; मग दुसरीकडून लांडगे आणून सोडले तेव्हा कुठं काठावर झाडोरा परत आला, असं त्या सांगत होत्या. शहादेव मागं सतरंजीवर बसून ऐकत होता. परतताना तो त्यांना म्हणाला, “मॅडम, तिकडं लांबून आणून सोडत्यात व्हय? इकडं हाईत तेवढे ठिवायचं म्हणलं तरी माणसं अंगावर येत्यात.”

त्या माघात लांडगिणीनं नाल्याच्या दरडीत बीळ केलं होतं. चार पिलं. शहादेवनं ती लांबून पाहिली होती आणि कुणाला सांगितलं नव्हतं. अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं, त्यामुळं माळावर फिरकणारा एकच माणूस होता, धुळाजी मेंढके. सत्तरीला टेकलेला, काठीसारखा सरळ, तिरसट म्हातारा. दीडशे मेंढरं आणि दोन कुत्री घेऊन तो नाल्याच्या अलीकडं वाडा टाकून बसला होता. त्याला बिळाचा पत्ता शहादेवच्याही आधी लागला असणार, पण तोही बोलला नव्हता.

पहिलं मेंढरू गेलं तेव्हा धुळाजीनं रीतसर कळवलं. खात्याचा नियम असा, की भरपाई हवी तर मेलेलं जनावर पंचनामा होईपर्यंत जागचं हलवायचं नाही, कुणाला तोंड लावू द्यायचं नाही, आणि पंचनाम्यानंतर खड्डा खणून पुरायचं. राखायला आणि पुरायला कोण? शहादेव. दिवसभर तो उन्हात बसून कावळे, कुत्री हाकलत राहिला, संध्याकाळी खड्डा खणला आणि पाठ धरून घरी आला.

मनकर्णानं, त्याच्या बायकोनं, अंघोळीचं पाणी बाहेरच काढून ठेवलं होतं. ती काही सोवळ्याओवळ्याची बाई नव्हे, पण तिला राग आला होता. “अवं, छप्पन सालानंतर तुमच्या आज्यानं गावाची मेलेली ढोरं वढायचं सोडलं. गावानं वाळीत टाकलं, तरी न्हाई वढली. आन् तुमी आता सरकारी शिक्क्यानं वढताव?”

आज्याचा शहादेवला फार अभिमान होता. घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली आज्याचा एकुलता एक फोटो होता, आणि त्या दिवशी त्याच्याकडं बघायचं त्यानं टाळलं.

तिसऱ्या दिवशी दुसरं मेंढरू गेलं. पुन्हा राखण, पुन्हा खड्डा. पाचव्या दिवशी तिसरं. तेव्हा मात्र धुळाजी पंचांच्या देखत खवळला. “शहादेवा, आणखी एक गेलं तर मी दरडीला काट्याचा भारा लावून धूर करणार. मग तुझं सरकार आलं तरी मी ऐकणार न्हाई.”

पंच गेल्यावर शहादेव फावड्यावर हात टेकून उभा होता. खड्डा निम्मा झाला होता. दरडीच्या वर तरवडात लांडगीण बसलेली त्याला दिसली. आटलेली, फासळ्या मोजून घ्याव्यात अशी. ती खड्ड्याकडं बघत होती. आणि त्या दमलेल्या माणसाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती मारते आणि आपण पुरतो. तिच्या पोटात काहीच जात नाही, पिलं उपाशी, म्हणून दोन दिवसांनी ती पुन्हा मारते. एक मेंढरू तिला आठ दिवस पुरलं असतं. सरकारी नियमानं तिला तीन मारायला लावली होती.

“आबा,” तो म्हणाला, “तुमच्या बापाच्या वक्ताला लांडग्यानं मेंढरू मारलं तर काय करायचे?”

“काय करायचे? सोडून द्यायचे. त्याचा वाटा म्हणायचे. मारलेलं त्याचंच की.” धुळाजी बोलता बोलता थांबला. मग खड्ड्याकडं आणि तरवडाकडं बघून त्यानं कपाळावर हात मारून घेतला. “आयला, शहादेवा! आपणच तिच्या तोंडचं काढतोय व्हय?”

त्या दिवशी खड्डा निम्माच राहिला. धुळाजीनं भरपाईवर पाणी सोडलं, आणि शहादेवनं नोंदवहीत ‘पुरले’ असं लिहिलं. बावीस वर्षांतली ती त्याची पहिली खोटी नोंद. सकाळी लांडगिणीचं पोट भरलेलं दिसलं तेव्हा त्याला इतकं बरं वाटलं, की घरी जाऊन त्यानं मनकर्णाला चार पिलांची गोष्ट सांगून टाकली. तीही हसली. किती दिवसांनी हसली होती.

नऊ दिवस एकाही मेंढराला धक्का लागला नाही. धुळाजी तर आता लांडगिणीबद्दल माहेरवाशिणीबद्दल बोलावं तसा बोलायचा. दहाव्या दिवशी सकाळी त्यानं शहादेवला हाक मारली. वाड्यात एक मेंढी मरून पडली होती. लांडग्यानं मारलेली नव्हे, पोट फुगून मेलेली. कळप आदल्या दिवशी मोहनरावांच्या खोडवा उसात शिरून तोडणीनंतर फुटलेले कोवळे कोंब खाऊन आला होता. ही मेंढी तर सगळ्यांत हावरी. हिरवं जास्त झालं की मेंढरू फुगतं, यात नवल काही नाही.

“मेलंच हाय तर पुरून काय करायचं?” धुळाजी म्हणाला. “लेकुरवाळी हाय ती. तिला देऊ.”

शहादेवला ते पटलं. मेंढीचे पाय धरून त्यानं स्वतः तिला दरडीपर्यंत ओढत नेलं. ओढताना मेंढीच्या तोंडाला औषधाचा उग्र वास आला होता. पण हल्ली शिवारात कुठल्या गोष्टीला तो वास येत नाही? भाजीला येतो, वाऱ्याला येतो. त्यानं मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी लांडगीण नाल्यात पाण्याच्या कडेला पाय ताणून पडली होती. तोंडाला फेस. शहादेव तिच्याजवळ खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला.

मग चक्रं फिरली. लांडगा हा कायद्यानं वाघाच्याच पंगतीला बसणारा प्राणी, त्यामुळं साहेब आले, गुरांचे डॉक्टर आले, माळावर कधी नव्हे ती गर्दी झाली. लांडगिणीच्या पोटात मेंढीची आतडी आणि कीडनाशकाचे दाणे निघाले. जवळच मेंढीचे उरलेसुरले अवशेष पडलेले. साहेबांना दोन आणि दोन चार करायला वेळ लागला नाही. मेंढी धुळाजीची, तीन मेंढरं गेल्याचा रागही धुळाजीचाच, आणि धूर करण्याची धमकी त्यानं चार माणसांत दिलेली. धुळाजीनंच मेंढीत विष भरून ठेवलं, असं ठरलं. म्हातारा नुसता “न्हाई साहेब, न्हाई साहेब” करत राहिला. त्याची मान पहिल्यांदाच वाकलेली दिसली.

साहेब शहादेवला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “मागचं मेंढरू पुरल्याचा तुझा जबाब दे आणि मोकळा हो. कायम करायच्या यादीत यंदा तुझं नाव आहे. मधे पडू नकोस.”

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. शहादेवनं धुळाजीकडं पाहिलं. वाटलं, गप्प राहावं. खरंच वाटलं, ते लपवण्यात अर्थ नाही. बावीस वर्षं वाट पाहिलेली माणसं गप्प राहायला शिकलेली असतात. पण गप्प राहायलाही अंगात एक प्रकारचं बळ लागतं, आणि तेवढंही त्याच्यात उरलं नव्हतं.

“मॅडम, लिव्हा,” तो रोहिणी मॅडमना म्हणाला. “मागचं मेंढरू मी पुरलं न्हाई. खोटं लिवलंय. आन् ही मेंढी इथं मीच वढत आणली. आबानं ईख घातलं न्हाई. चला, दाखिवतो.”

त्यानं सगळ्यांना मोहनरावांच्या उसात नेलं. सरीत हुमणीच्या किडीसाठी टाकलेले औषधाचे दाणे मातीवर उघडे पडले होते, आणि त्यांवरून मेंढरांच्या खुरांच्या ओळी गेल्या होत्या. मोहनराव आले, बघून चपापले. “मी कुणाच्या वाईटावर टाकलं न्हाई, बे शहादेवा,” ते म्हणाले. “पाणी सोडून दाणे मातीत मुरवायचं राहिलं व्हतं. तुमची मेंढरं न विचारता शिरली, मी काय करू?” आणि तेही खरंच होतं. मारायचं कुणाच्याच मनात नव्हतं. म्हातारा दया करायला गेला, शहादेव शहाणपण करायला गेला, शेतकरी पीक वाचवायला गेला, आणि जीव गेला तो लांडगिणीचा.

रोहिणी मॅडमचा पेन कागदावर थांबला होता. “मामा, हे लिहिलं तर तुम्हाला उद्यापासून...”

“ठाव हाय मला. लिव्हा.”

धुळाजी सुटला. शहादेवला दुसऱ्या दिवसापासून कामावर येऊ नको म्हणून सांगण्यात आलं. लेखी काही मिळालं नाही. रोजंदारीच्या माणसाला काढायला कागदही लागत नाही. मनकर्णानं अंघोळीचं पाणी आत, न्हाणीत काढून ठेवलं.

काम गेलं तरी पाय कुठं ऐकतात? दोन दिवस तो उजाडलं की दरडीसमोरच्या खडकावर जाऊन बसायचा. आईवाचून पिलं काय करतील? लांडग्याचा नर टिकून राहिला असेल, की औषध त्याच्याही पोटात गेलं असेल? बिळातून कुंईकुंई ऐकू यायची. दुसऱ्या दिवशी तीही बारीक झाली. रोहिणी मॅडम म्हणाल्या होत्या, नर आला नाही तर पिलं उचलून पिंजऱ्यात न्यावी लागतील. पिंजऱ्यात वाढलेलं पिलू माळावर परत येत नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि शहादेवलाही.

तिसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर धुळाजी कळप वाड्याकडं वळवून त्याच्या शेजारी येऊन टेकला. तंबाखूची चिमूट पुढं केली. आणि मग तरवड हलला.

नर होता. थोरला, मानेवर काळसर केसांचा. त्यानं चारी दिशांना नाक फिरवलं, खाली उतरला आणि बिळाच्या तोंडाशी बारीक आवाज काढला. आतून तीन पिलं धडपडत बाहेर आली. चौथं आलं नाही. पिलं त्याच्या तोंडाला चाटायला लागली, तसं त्यानं पोटातलं सगळं त्यांच्यापुढं ओकून टाकलं, आणि तिन्ही पिलं त्यावर तुटून पडली.

शहादेवनं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. धुळाजी डोळे बारीक करून पिलांच्या तोंडातल्या त्या पांढऱ्या लोकरीच्या झुबक्याकडं बघत होता.

“आत्ता मोजली तवा एक कोकरू कमी भरलं,” तो म्हणाला.

“मग कळवा की, आबा. पंचनामा हुईल.”

“कुणाला कळवू?” धुळाजीनं तंबाखू गालात सारली. “माळाचं सरकार तर माझ्याशेजारी बिनकामाचं बसलंय.” आणि उठू पाहणाऱ्या शहादेवच्या गुडघ्यावर हात ठेवून तो म्हणाला, “बस. खाऊ दे त्यांना.”