गजबाहूचा हात आन आमचा जोतीदादा

आमच्या जोतीदादाला माधवनगरात समदी गजबाहूच म्हनायची. आदी चेष्टंनं म्हनायची, मग त्येच नाव पडलं. गजबाहू म्हंजी एका साप्ताहिकाच्या मागल्या पानावर चित्रांची गोष्ट यायची, त्यातला गडी. त्येचा उजवा हात लोखंडाचा. त्या हातानं त्यो बुडती नाव वडून काढायचा, चोराची मोटार उचलून आपटायचा. आन आमच्या दादाला उजवा हातच न्हवता. कोपरापास्नं ग्येल्याला.

त्यो तितं कापडाच्या एका गिरणीत कामाला व्हता, कापूस पिंजायच्या खात्यात. पट्ट्यात बाही अडकली आन हात ग्येला. कुनाची चूक न्हाई. त्यो सोताच सांगायचा, "माजंच ध्यान न्हवतं, मी गानं म्हनत व्हतो." मग गिरणीनं त्येला फाटकावर राखणीला बसवला. तितं बसून त्यो ती गोष्ट वाचायचा. पान कापून, खळ लावून, डाव्या हातानं घरातल्या भितीला चिकटवायचा. अंजनावयनी कुरकुरायची, "देवाच्या फोटूला जागा न्हाई आन ह्यो बाबा भितभर!"

दादा म्हनायचा, "अगं, देवाला चार हात. त्येला काय कळतंय एका हाताचं?"

लय बोलका माणूस. कुनी हाताकडं बगितलं की आदीच म्हनायचा, "दुरुस्तीला टाकलाय." समदी हसायची. मीबी हसायची. मला वाटायचं इसरला दादा, सावरला.

पर गजबाहूचा हात लोखंडाचा झाला कसा, त्येचा आदीचा हात कसा ग्येला, ह्ये त्या गोष्टीत कवाच आलं न्हवतं. दादा दर आठवड्याला वाट बगायचा. अठ्ठ्याहत्तर साली त्या साप्ताहिकात छापून आलं की गजबाहू आता टीव्हीवर येनार, आन पैल्याच दिवशी त्येचा हात कसा ग्येला ते दावनार. सांगलीत तवा टीव्ही कुटला? माजं सासर शिरवळ. तितं सिंहगडावरल्या मनोऱ्याकडनं चित्र यायचं, आन आमच्या गावात नानासो बागायतदारांनी टीव्ही घ्येतल्याला. दादानं कुनाकडनं तरी निरोप धाडला, "शाले, नानासोस्नी इचारून ठिव. मी येतोय."

आला बगा सांगलीहून यस्टीनं, कऱ्हाड, सातारा करत. सदऱ्याला इस्तरी. खांद्याला पिशवीत भडंग. मी म्हनलं, "दादा, भाऊबीजंला बोलिवलं तर सुट्टी न्हाई म्हनतोस, आन टीव्ही बगायला मिळाली व्हय सुट्टी?"

"भाऊबीज दर साली येती गं. गजबाहूचा हात एकदाच जायाचा."

नानासोंच्या सोप्यात गर्दी. बाया मागं, गडी म्होरं. माळवदावर उंच बांबूला टीव्हीची जाळी बांदल्याली, वाऱ्यानं फिरली की चित्राला मुंग्या यायच्या. मग एक गडी वर चढून बांबू वळवायचा आन खाली समदी वरडायची, "आला, आला! आता हलू नगंस! आरं, ग्येला!" नानासो दादाला म्हनलं, "पावणं, म्होरं या. तुमच्या घरचं कार्य हाय." दादा हसला, पार म्होरं जाऊन बसला. मला पाटमोरा दिसत व्हता. मोकळी बाही त्येनं नीट घडी घालून टाचणीनं टाचल्याली.

सुरू झालं. गजबाहू आदी साधाच मानूस, धरणावर कामाला. पूर येतो. धरणाचं दार लागत न्हाई. खाली गावं झोपल्याली. ह्यो दार वडून लावतो आन त्या दारात ह्येचा हात सापडतो. सोप्यात येक मानूस हलंना. मला तर बगवंना, मी पदर तोंडाला लावला. दादा मातुर ताठ बसल्याला.

मग काय, गजबाहू वाहत जाऊन एका गुहंत पडला. तितं दाढीवाला बाबा. त्येनं आभाळातनं पडल्यालं लोखंड वितळिवलं, हात केला, लावला. ह्येनं डोळं उगडलं आन भायेर येऊन अख्खी दरड उचलून फेकून दिली. शिट्ट्या काय, टाळ्या काय! सोपा दणानून ग्येला. तितंच संपलं. म्होरलं फुडल्या आठवड्यात.

समदी उठाय लागली आन दादा म्हनला, "आन त्यो हात?"

नानासो म्हनलं, "कंचा?"

"तुटल्याला. त्येचं काय क्येलं त्येनी?"

"आवं पावणं, लोखंडाचा मिळाला की नवा! जुना घिऊन काय लोणचं घालायचंय?"

समदी खदखदून हसली. मागनं कोन तरी म्हनलं, "कोल्ह्यानं न्हेला आसंल." परत हसली. एरवी दादानं त्येच्यावर वरचढ काय तरी ठिवून दिलं असतं. त्या दिशी त्यो नुसता उठला, पायताण घालाय ग्येला, तर येका हातानं अंगठा सापडंना. मी जाऊन पायताण सरळ क्येलं.

पाटाच्या कडंनं घरी चाललो. मी म्हनलं, "दादा, आडानी लोकं हायेत, मनावर घिऊ नगंस."

त्यो थांबला. "शाले, माजा हात कुटं ग्येला गं?"

मग त्योच सांगाय लागला.

"दवाखान्यात शुद्धीवर आलो तवा नुसती पट्टी. नर्सबाईला इचारलं, ती म्हनली, त्येचा इचार करू नका. गिरणीत इचारलं, म्हनली, जीव वाचला, हाताचं काय घिऊन बसलास. गिरणी म्हनती दवाखान्यात, दवाखाना म्हनतो गिरणीत. आगं, आपल्यात पोराची नाळ सुदीक पुरत्यात. दात पडला तर घरावर टाकत्यात. माजा हात काय नाळंपरास हलका व्हता? त्याच हातानं तुज्या वरातीची गाडी जुपली मी." मग म्हनला, "मला वाटलं, ज्येनं ही गोष्ट रचली त्येनं इचार क्येला आसंल. कुनी तरी त्यो उचलला आसंल, कुनी तरी रडलं आसंल. त्येवढंच बगायला आलतो."

आन पाटाच्या कडंला बसून त्यो रडला. हात ग्येला तवा रडला न्हवता, असं वयनी सांगायची.

मी म्हनलं, "तुज्या शेजारच्या यंत्रावर कोन व्हतं?"

"लालासाहेब. म्हसवडचा. त्यो त्याच आठवड्यात गिरणी सोडून ग्येला. मला बगायला बी आला न्हाई, गड्या म्हनून गळ्यात पडायचा रोज."

दुसऱ्या दिशी दादा ग्येला. वयनी मागनं सांगत व्हती, घरी जाऊन त्येनं भितीवरली समदी पानं पान्यानं भिजवून काढली. फाडली न्हाईत, भिजवून काढली. वर मग देवाचा फोटू लावला. आन फाटकावर कुनी गजबाहू म्हनलं की म्हनायचा, "जोतीराम म्हन."

दिवाळीनंतर त्येला काविळ झाली. पाल्याचं औषिद दिलं, उतार पडंना. मी आमच्या मालकांस्नी म्हनलं, मला म्हसवडला न्ह्या. सिद्धनाथाच्या रथाची जत्रा व्हती, तितं त्यो लालासाहेब गावंल. मालक म्हनलं, "यवड्या जत्रंत एक लालासाहेब?" पर न्हेलं. आन गावला. देवळामागं बैलाच्या घुंगुरमाळा इकत बसल्याला.

मी नाव सांगितलं, जोतीरामची भन. त्येच्या हातातली माळ खाली पडली. म्हनला, "हाय का जोत्या?"

"हाय. त्येचा हात कुटं हाय, ते इचाराय आले."

त्येनं माळ उचलून मांडीवर घ्येतली. मग म्हनला, "मीच उचलला, ताई. त्येला टांग्यात घालून न्हेलं आन मागं ह्यो राहिला, कापसात. समदी लांब सरली. मी माज्या पटक्यात गुंडाळला. गिरणीच्या मागं लिंबाखाली पुरला. मीठ घातलं. कुत्री उकरू नयेत म्हनून वर धोंडा ठिवला. मग मला त्या यंत्राफुडं हुबं ऱ्हावंना. जोत्याला कुटल्या तोंडानं सांगू, तुजी माती क्येली म्हनून?"

त्यो आमच्या संगं तसाच सांगलीला आला. दादा पार वाळल्याला, डोळं पिवळंजर्द. लालासाहेबाला बगून म्हनला, "आलास व्हय चोरा."

लालासाहेबानं पायाशी बसून समदं सांगितलं. दादा आईकत व्हता. मग म्हनला, "उताना ठिवलास का पालथा?"

"उताना. मूठ वळल्याली व्हती. मी बोटं उगडली."

"कापूस व्हता का मुठीत?"

"व्हता."

"बरं क्येलंस." मग माज्याकडं बगून म्हनला, "शाले, ह्ये दावाय पायजे व्हतं त्या टीव्हीत." आन लालासाहेबाचा हात आपल्या डाव्या हातात धरून पडून ऱ्हायला. "बरा झालो की जाऊ रं. मला जागा दाव."

बरा झालाच न्हाई. त्या आठवड्यातच ग्येला.

तिरडी बांदायला घ्येतली तवा लालासाहेब दिसंना. वयनीनं हात जोडून लोकांस्नी थांबिवलं. त्यो पळत आला, घामानं निथळत. गिरणीच्या मागं आता शेड झाल्याली, लिंब तोडल्याला, धोंडा न्हाई. त्येनं अंदाजानं उकरलं व्हतं. फडक्यात बांदून आनल्यालं मी सोडून बगितलं. नुसती माती. हाड न्हाई, नख न्हाई, काय न्हाई.

त्यो म्हनला, "ताई, हितंच व्हता. मी चुकलो नसंन."

वयनीनं माज्या हातातनं फडकं घ्येतलं, गाठ मारली आन दादाच्या उजव्या अंगाला, जितं हात असाय पायजे तितं ठिवलं. मग उचला म्हनली.