बंद केलेली नळी

आमची गाडी जुनी होती आणि दमलेली होती. मीही तेव्हा दमलेलीच होते, पण गाडीला निदान गॅरेज होतं.

नव्वदनंतरची ती वर्षं. माझे सासरे कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत. गाडी त्यांनी माझ्या लग्नाआधीच कधीतरी सेकंडहँड घेतली होती, आणि रविवारी सकाळी ते बॉनेट उघडून तिच्यात डोकं घालून बसत. मग एक दिवस दाढी करता करता त्यांची उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं. जिभेवर चार-सहा शब्द राहिले, तेही हवे तेव्हा सापडत नसत. लघवीसाठी नळी घातली, ती राहिलीच. तिची पिशवी पायाशी लोंबकळायची.

नवऱ्याची नोकरी मुंबईला. तो उजाडायच्या आत जायचा आणि दिवेलागणीनंतर कधीतरी उगवायचा. त्यामुळे अण्णा माझ्याकडे आले, आणि अण्णांबरोबर गाडीही. त्यांना व्यायामासाठी दर आठवड्याला ठाण्याला न्यावं लागे. मी सकाळच्या शाळेत शिकवत होते. शाळा, स्वयंपाक, अण्णांचं सगळं, यात ड्रायव्हिंग शिकून घेतलं. हौस म्हणून नव्हे. दुसरं कोणी नव्हतं म्हणून. वार मी शुक्रवार मागून घेतला, कारण शुक्रवारी आमच्या भिवंडीतले लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद असतात आणि कापडाचे ट्रक जरा कमी असतात. जरा म्हणजे जराच.

एका पावसाळ्यात गाडी उभ्या उभ्या आचके द्यायला लागली. अण्णांना आत बसवूनच मी ती शेलार गावाच्या रस्त्यावरच्या गॅरेजात नेली. इंजिनात ठिणगी केव्हा पडायची त्याची एक वेळ असते, आणि ती वेळ वेगाप्रमाणे मागेपुढे करायला एक बारीक रबरी नळी असते, तिच्यामागचा पडदा फाटला होता. हे मला मिस्त्रीनं सांगितलं तेव्हा अर्धंच कळलं. पार्ट मिळत नव्हता. त्यानं नळी उपसली, तिच्या तोंडात एक स्क्रू पिळून बसवला आणि हात पुसत म्हणाला, "नली बंद कर दी, भाभी. टायमिंग फिक्स. अब चलेगी."

भिवंडीत याला डायरेक्ट करणं म्हणतात. लूमचा स्टार्टर जळला, डायरेक्ट करा. पंख्याचं बटण गेलं, डायरेक्ट करा. दुरुस्ती म्हणून नाही, आजचा दिवस ढकलायचा म्हणून. मला तरी दुसरं काय हवं होतं?

आचके थांबले. पण गाडीतला जीवही गेला. ॲक्सिलरेटर कितीही दाबा, ती आपल्याच तंद्रीत. पेट्रोल भसाभसा प्यायची आणि ठाण्याच्या वाटेवर खाडीवरच्या कशेळीच्या पुलाचा चढ आला की तापायची. मागून ट्रकवाले हॉर्न मारून जीव नकोसा करत. मी दात-ओठ खात बसायचे.

आणि त्याच सुमारास अण्णा "नळी, नळी" म्हणायला लागले.

गाडीत बसलं की सुरू. डावा हात खाली पुढे दाखवायचे, पायाकडे, आणि म्हणायचे, नळी. पायाशी पिशवी होती, त्यामुळे कोणालाही दुसरं काही सुचलं नाही. दुखतंय का विचारलं की मान हलवून नाही म्हणत. पण ठाण्याच्या डॉक्टरांनी आम्हाला आधीच बजावलं होतं, की अशा पेशंटचं हो आणि नाही उलटसुलट होतं, त्यावर विसंबू नका. मग आम्ही विसंबलो नाही. खड्ड्यात धक्का बसून दुखत असेल म्हणून सीटवर उशी घातली. नळी बदलून घेतली. महिन्याभरानं परत बदलली. बदलताना अण्णांचा चेहरा बघवत नसे. बाहेर येऊन गाडीत बसलो की पुन्हा तेच, नळी.

शेवटी डॉक्टर म्हणाले, एवढा त्रास होत असेल तर ऑपरेशन करून नळीतून मोकळं करू. पण या वयात, अशा अंगाला भूल झेपेल याची खात्री ते देणार नव्हते. मी रात्री नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, तू काय ते ठरव. मला इतका संताप आला की मी ताटंही उचलली नाहीत. स्वतःच्या बापाला टेबलावर घ्यायचं की नाही, हेही मीच ठरवायचं.

ठरवलं. होकार द्यायला आम्ही निघालो त्या शुक्रवारी ऊन रणरणत होतं. पुलाच्या चढावर गाडी उकळली आणि बंद पडली. मी बॉनेट उघडलं. वाफ अंगावर आली. खाडीवरून मासे घेऊन चाललेला एक गाववाला थांबला, पाणी आणतो म्हणाला, आणि मग माझ्या मागे बघून म्हणाला, "ताई, ते बाबा कायतरी सांगतान, बघा."

अण्णांनी डाव्या हातानं दार उघडलं होतं आणि ते अर्धे बाहेर आले होते. आम्ही दोघांनी धरून त्यांना मडगार्डला टेकवून उभं केलं. त्यांनी इंजिनात हात घातला, मी ओरडले तरी घातला, आणि ती स्क्रू पिळलेली रबरी नळी चिमटीत धरून माझ्यापुढे केली.

"नळी," ते म्हणाले.

मी पुलाच्या कठड्याला टेकून खालीच बसले. त्या दिवशी गॅरेजात ते आत बसून होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. आम्ही त्यांच्या अंगातली नळी दोनदा ओढून काढली होती आणि आता पोट उघडायला निघालो होतो. माणूस साफ नाही म्हणत होता आणि आम्ही सगळे शहाणे त्याचं नाही मोजतच नव्हतो.

गाडी थंड झाल्यावर तशीच रखडत ठाण्याला गेलो. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते आधी हसले, मग गंभीर झाले, आणि ऑपरेशनचा कागद बाजूला सारला. आधी तो पार्ट शोधून गाडी नीट करा म्हणाले. मग त्यांनी अण्णांकडे वाकून मोठ्यानं विचारलं, तुम्हाला दुखत नव्हतं, तर इतके दिवस त्रास होत होता कोणाला?

गाडीला, असं मी म्हणणार होते. तोवर अण्णांनी डावा हात उचलला आणि माझ्या खांद्यावर ठेवला.

"हिला," ते म्हणाले. शब्द स्वच्छ आला.

मी तिथेच खुर्चीत रडले. डॉक्टर कोणाला तरी पाणी आणायला सांगत होते आणि अण्णा खांद्यावरचा हात काढत नव्हते.