विहिरीचा कठडा

नामपूरजवळच्या आमच्या गावात आई ग्रामपंचायतीची मेंबर होती, पण कचेरीची पायरी तिने कधी चढली नव्हती. गावाने बायकांच्या जागेवर तिचं नाव घातलं होतं एवढंच. बैठक उरकली की शिपाई घरी यायचा, आई पदराला हात पुसून सही करायची आणि पुन्हा भाकरीला लागायची.

मी दहावीत असताना, दिवाळीनंतर, शेजारची काकू गावविहिरीत पडली. विहिरीला कठडा नव्हता, काठाचे दगड झिजून गुळगुळीत झालेले. पाणी शेंदता शेंदता तिचा पाय सटकला. नशिबाने दोर हातात आला. बायकांच्या आरड्याओरड्याने शेतातले गडी धावले, त्यांनी तिला वर काढलं. पाय मोडला, पण जीव वाचला.

पुढच्या बैठकीला आई निघाली. एकटीला अवघडल्यासारखं होत होतं म्हणून मला सोबत घेतलं. तिला दारात बघून सरपंच गडबडले.

"वैनी, तुम्ही कशाला तसदी घेतली? शिपाई आलाच असता सहीला."

"मी मेंबर शे का नही?" आई घरच्या अहिराणीतच म्हणाली आणि सतरंजीच्या कडेला बसली.

विहिरीला कठडा बांधा, एवढंच तिचं मागणं. सरपंच म्हणाले, "यंदा चावडीपुढे फरशी टाकायचं ठरलंय. कठड्याचं पुढच्या साली बघू."

"मग फरशीच्या ठरावावर माझी सही नाही. फरशीवाचून कुणाचा जीव जात नाही."

मी खाली मान घालून बसले. ग्रामसेवक हळूच म्हणाले, "फरशी मागे ठेवता येईल. तसा ठराव लिहू का?"

सरपंचांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "लिहा. आमच्या घरच्या बायकापण तिथंच जातात पाण्याला."

बाहेर आल्यावर आई कचेरीच्या भिंतीला टेकली आणि डोळे मिटून मोठ्याने हसली. तिला असं हसताना मी फार दिवसांनी बघत होते.

होळीच्या आत कठडा झाला. बांधकाम ओलं होतं तोवर गल्लीतल्या बायकांनीच त्याच्यावर पाणी मारलं. काकू पडल्यापासून आई घागर घेऊन निघाली की ती परत येईपर्यंत माझं अभ्यासात लक्ष नसायचं. कठडा झाला आणि परीक्षेचं पुस्तक मी निवांत वाचू लागले.