शेवटी 'आ' आला की

लातूरला माझी धाकटी बहीण असते. ताई आपल्यापासून काही लपवत नाही, असं ती सगळ्यांना सांगते. ही एक गोष्ट मात्र मी तिला सांगितलेली नाही. कुणालाच नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून असेल.

मी नांदेडमध्ये इटालियन शिकवते. हसू नका. सगळेच हसतात. इथे कोण इटालियन शिकणार? — शिकतात हो. नर्सिंग केलेल्या मुली शिकतात. तिकडे म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला माणसं लागतात. मी स्वतः इटली पाहिलेली नाही. कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. आई गेली, आणि घर खायला उठायला लागलं, तेव्हा मोबाईलवरून आणि एका पुस्तकावरून ही भाषा शिकत गेले. मग क्लास काढला. वासरांत लंगडी गाय शहाणी, दुसरं काय!

पहिल्याच दिवशी मी 'लावोरारे' शिकवते. म्हणजे काम करणं. शेवटचं 'आरे' काढून टाकायचं आणि उरलेल्या 'लावोर'ला शेपटी जोडायची. लावोरो — मी काम करते. लावोरी — तू करतेस. लावोरा — तो करतो, किंवा ती करते. लावोरियामो — आपण करतो. लावोराते — तुम्ही करता. लावोरानो — ते करतात. मी, तू, तो असं वेगळं म्हणायचीही गरज नाही, शेपटीवरून कळतं. 'आपण'चं रूप मी जरा भराभर म्हणून टाकते. एकट्या राहणाऱ्या बाईला ते फारसं लागत नाही.

सुनंदाला हे सगळं फार आवडलं होतं. हदगावची, तिशीतली, एका खाजगी दवाखान्यात नर्स. "मॅडम, म्हणजे बाई असो का गडी, 'लावोरो'च?" तिने विचारलं होतं. मी हो म्हटलं, तर म्हणाली, "लई चांगली भाषा हाय मग." क्लास सुटल्यावर ती फळा पुसायला थांबायची, आणि मग आम्ही चहा घ्यायचो. तिच्यामुळे मी दूध जास्तीचं घ्यायला लागले होते. नवरा चार वर्षांपूर्वी घर सोडून गेला, जिवंत आहे की नाही तेही माहीत नाही — हे तिने नांदेडात फक्त मला सांगितलं होतं. बाकीच्यांना वाटायचं, तो पुण्याला कंपनीत आहे.

आता मुद्द्यावर येते. येतेच आहे — जरा धीर धरा.

फळ्यावर मी एक गोष्ट चुकीची लिहिली होती. 'लावोराते — तुम्ही. अनेकांना, आणि आदराने एकालाही.' आपल्याकडे तसंच नाही का? समोर दहाजण असोत नाहीतर एकटे साहेब असोत, 'तुम्ही' दोन्हीकडे चालतं. इटालियनमध्ये ते तसं चालत नाही. अनोळखी, मानाच्या माणसाशी बोलताना तिकडे 'ती'चं रूप लावतात. समोर बसलेल्या माणसाला 'लावोरा?' विचारलं, तर त्याचा अर्थ 'आपण काम करता का?' पूर्वीच्या बायका नवऱ्याला 'इकडून जेवायचं व्हायचंय का' म्हणत ना, तसं काहीसं. एवढंच सांगायचं होतं. एका वाक्याचं काम.

हे मला सुनंदाच्या इटलीतल्या नोकरीच्या मुलाखतीच्या तीन आठवडे आधी कळलं. पुस्तकात तळाला बारीक अक्षरात दिलं होतं; मी ते पान आधी नुसतं उलटलं होतं. वाचलं आणि पुस्तक मिटून टाकलं. कारण वर्गात लोहा गावच्या एका मुलीने नेमकं हेच विचारलं होतं — "मॅडम, मोबाईलवर तर वेगळंच दाखवून राहिलंय" — आणि मी तिला सगळ्यांसमोर म्हणाले होते, "मग मोबाईललाच गुरू कर." वर्ग खो खो हसला होता. त्याच वर्गासमोर उभं राहून आता काय सांगायचं? चुकले म्हणायचं? मी ठरवलं, पुढच्या बॅचला नीट शिकवू. सरावाच्या मुलाखतीही मी 'लावोराते'नेच घेतल्या.

मुलाखत हैदराबादला होती, एजंटच्या ऑफिसात, कॉम्प्युटरवर. समोर इटलीची बाई. दुसऱ्या दिवशी सुनंदा स्टेशनवरून थेट माझ्याकडे आली. चप्पलही न काढता दारातच उभी राहिली.

"मॅडम, त्या बाईनं माझं काहीच इचारलं न्हाई. सारखं नवऱ्याचंच. दोवे आबिता? — तो कुठं राहतो. मी म्हणलं, माहीत न्हाई. लावोरा? — काम करतो का. मी म्हणलं, ते बी माहीत न्हाई. मग ती नुसती बघतच राहिली, अन् बंद केलं. फारमवर तर मी विवाहित एवढंच लिहिलं होतं. त्यांना त्याचं कसं कळलं, मॅडम?"

मला लगेच समजलं. आपण कुठे राहता? — माहीत नाही. आपण काम करता का? — माहीत नाही. त्या बाईला काय वाटलं असेल! शेवटी 'आ' आला की तो किंवा ती, एवढंच मी या पोरीला शिकवलं होतं.

अजूनही वेळ गेलेली नव्हती. सुनंदा, चूक माझी आहे — चार शब्द. मी तिला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "टाकलेल्या बाईला ते लोक सहसा घेत नाहीत गं."

हो. हेच म्हणाले मी. विचार करून म्हणाले. त्या लोकांबद्दल मला काहीही माहीत नव्हतं.

ती रडली नाही. "मला वाटलंच होतं," म्हणाली. "तुम्ही तरी खरं सांगितलं."

आठ दिवसांनी एजंटचा फोन आला: पोरगी घाबरली असेल, पुन्हा एकदा बसवा. मी निरोप दिला. ती नको म्हणाली — "पुन्हा त्याचंच इचारतील." मी म्हणाले, "तुझी मर्जी." तेव्हाही तेवढंच. महिन्याभरात ती नोकरी सोडून हदगावला भावाकडे निघून गेली.

मी फक्त वर्गाला भ्याले होते का? की ती पास झाली असती तर संध्याकाळचा चहा पुन्हा एकटीने घ्यावा लागला असता, हेही मनात होतं? दोन्ही होतं. खोटं कशाला बोलू? चहा तर एकटीनेच घेते आहे.

आता प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी मी ते 'ती'चं आदराचं रूप शिकवते, जुन्या बायकांचं उदाहरण देऊन. मुली हसतात, वहीत लिहून घेतात. दर दिवाळीला सुनंदाचा मेसेज येतो — मॅडम, तुमचे उपकार विसरणार नाही. मी 'सुखी राहा' असं लिहून पाठवते.