साडेतीनशे नंबरची रिकामी जागा

तैपेईच्या क्वांगह्वा बाजारात तिसऱ्या मजल्यावर ज्येन शिऊल्वानचं लॅपटॉप विकायचं आणि दुरुस्त करायचं दुकान होतं. सगळा मजला तिला ल्वानताई म्हणे. एकोणीस वर्षं त्याच गाळ्यात बसून तिला एक खोड जडली होती. कुठल्याही कंपनीचं नवं माहितीपत्रक हातात पडलं, की त्यात काय आहे ते ती मागाहून बघे; काय नाही ते आधी.

त्या मार्चात तिने युनफंग कंपनीचं पत्रक असंच चाळलं. लॅपटॉपचे नंबर ३१०, ३३०, आणि एकदम ३७०. मधला ३५० गायब. पडदा तेरा इंची, त्याच्यापुढे थेट सोळा इंची. किंमत तीस हजारांवरून उडी मारून बावन्न हजारांवर. मधल्या किमतीचं विचारणारी गिऱ्हाइकं पलीकडच्या दुकानातून दुसऱ्या कंपनीचं मशीन उचलतात, हे ती रोज डोळ्यांनी बघत होती. त्यातच सुट्या भागांच्या खोक्यात युनफंगचा बारीक पिनेचा नव्वद वॉटचा चार्जर निघाला. ३३०ला पासष्ट वॉट पुरत होते, ३७०ची पिन जाड. मग हा चार्जर कुणासाठी?

"पाहुणा यायचाय म्हणून पाट मांडून ठेवलाय," ती म्हणाली. "चौदा इंची ३५०. चाळीस हजारांच्या आसपास. शाळा-कॉलेजं उघडायच्या सुमारास, सप्टेंबरात."

हे ऐकायला समोर दोघं होती. एक लाई पोयू, संगणकाच्या बातम्या देणाऱ्या एका संकेतस्थळाचा वार्ताहर. चहाच्या निमित्ताने यायचा आणि कान टवकारून बसायचा. दुसरी पेंग जिन्मेई. तरुणपणी ती आणि ल्वानताई एकाच कारखान्यात शेजारी बसून तारा जोडत. जिन्मेई आता ताओयुआनला लॅपटॉपच्या बिजागऱ्या करणाऱ्या कारखान्यात तपासनीस होती, बावीस वर्षं. दर रविवारी गाडी पकडून मैत्रिणीकडे यायची. कामाबद्दल ती चकार शब्द काढत नसे आणि ल्वानताईनेही कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशीही ती पेरू चिरत गप्प बसली होती. लाईने सहज विचारलं, मावशी कुठे कामाला? तिने सांगितलं. बस, तेवढंच.

चौथ्या दिवशी बातमी आली. ल्वानताईचा सगळा अंदाज त्यात होता, तिचं नाव तेवढं नव्हतं. चार्जर नव्हता, किमतींमधली दरी नव्हती. त्याऐवजी होतं, 'ताओयुआनच्या बिजागरी कारखान्यात तपासणी विभागातल्या अनुभवी व्यक्तीकडून मिळालेली पक्की खबर.'

ल्वानताईने ते वाचलंच नाही. बाजारात रोज असल्या शंभर खबरा उडतात. तिला कळलं ते तीन आठवड्यांनी, जिन्मेई सलग तीन रविवार आली नाही आणि फोनही उचलेना, तेव्हा. शेवटी ती स्वतःच ताओयुआनला गेली. जिन्मेई दारात वाळत घातलेला मुळा उलटत होती. आत ये, असंही म्हणाली नाही.

त्या कारखान्यात खरोखरच ३५०च्या बिजागऱ्या होत होत्या. तपासणी विभागात अनुभवी म्हणाव्यात अशा बायका दोनच. त्यांतली एक दर रविवारी संगणकाच्या बाजारात जाते हे सगळ्यांना माहीत. जिन्मेईला ऑफिसात बोलावलं, कागद पुढे केला, तिने सही केली. गुपित फोडल्याबद्दल राजीनामा.

"सही का केलीस? तू काही सांगितलं होतंस का?"

"तीन तास बसवून ठेवलं होतं, ल्वान. मला घरी जायचं होतं." मग मुळ्यावरचे हात थांबले. "आणि तुला तरी काय गरज होती एवढं शहाणपण पाजळायची? कोण कुठला माणूस बसलाय समोर, बघायचं नाही?"

ल्वानताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिन्मेईवर रागावता येत नव्हतं, कारण ती म्हणत होती ते खरं होतं. म्हणून राग आणखीच पेटला. ती तशीच परत निघाली ती थेट लाईच्या ऑफिसात. तिथे सात-आठ पोरं पडद्यांत डोकी घालून बसली होती. लाई उठून हसत पुढे आला. ताई, बातमी खरी ठरणार बरं का, असं काहीतरी म्हणाला.

"खरी माझ्या डोक्यातून आली," ती म्हणाली. "तू तिला एक बाई चिकटवलीस. का?"

लाई म्हणाला, दुकानदारीणबाईंचा अंदाज म्हटलं तर कोण वाचणार? आतल्या माणसाने सांगितलं म्हटलं की लोक वाचतात. नाव तर दिलं नव्हतं ना.

"नाव नाही दिलंस, गळा दिलास. दोरी त्यांनी आणली."

दुरुस्ती छापतो, असं तो पुटपुटला. छापली नाही.

मग ती कारखान्यात गेली. तिथल्या कामगार विभागाचे कू साहेब सभ्य होते, आणि तेच तिला सहन झालं नाही. तिने पत्रक, चार्जर, स्वतःचा हिशेब टेबलावर मांडला. साहेबांनी सगळं ऐकलं. म्हणाले, बाई, हुशार आहात. पण युनफंगने आम्हाला विचारलं होतं, कुणी फोडलं? आम्हाला उत्तर द्यावं लागतं.

"म्हणजे चोर नव्हताच, तरी संन्याशाला फाशी."

"मागून असा हिशेब कोणीही लावू शकतो," साहेब म्हणाले.

हे वाक्य तिच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्याच दिवशी तिने आणखी तीन कंपन्यांची पत्रकं घेतली. ज्यांचं एकही सुटं काम त्या कारखान्याकडे नव्हतं, अशाच मुद्दाम निवडल्या. प्रत्येकीत कुठली जागा मोकळी आहे, काय येईल, केव्हा येईल आणि आपण असं का म्हणतो, हे तिने हाताने लिहिलं, तारीख घातली, वकिलाकडून शिक्का मारून घेतला आणि एक प्रत दुकानाच्या काचेवर लावली. बाजारातले टिंगल करत. ल्वानताई आता भविष्य सांगायला बसल्या, पोपट कुठाय? ती त्यांच्यावर डोळे वटारायची. गिऱ्हाइकावरही खेकसायची. कान पिळावेत तसे स्क्रू पिळायची.

जुलैत एक मशीन तिने लिहिल्याप्रमाणे आलं. ऑगस्टच्या शेवटी दुसरं आलं, महिना चुकला पण पडदा आणि किंमत बरोबर. तिसरं आलंच नाही. तिथे ती साफ चुकली होती. तरीही तोच कागद घेऊन तिने जिन्मेईला सरकारी कामगार कार्यालयात तक्रार करायला लावली. जिन्मेई तयार नव्हती. ल्वानताईने तिला जवळजवळ ओढत नेलं.

मध्यस्थ बाईंनी कागद दोनदा वाचला आणि कू साहेबांना विचारलं, या बाईंचे दोन अंदाज बरोबर आले, तिसरा चुकला. आतली खबर असती तर चुकला असता का? राजीनाम्याचा कागद रद्द झाला, गुपित फोडल्याचा ठपका पुसला गेला, बावीस वर्षांची कायद्याने मिळायची भरपाई मिळाली. नोकरी मात्र मिळाली नाही. तुमची जागा आता भरली आहे, असं साहेबांनी नम्रपणे सांगितलं.

बाहेर पायऱ्यांवर जिन्मेई रडली. ल्वानताई रडली नाही. तिला आत परत जाऊन ते टेबल उलथवून टाकावंसं वाटत होतं.

"आता तरी शांत हो," जिन्मेई म्हणाली. "सुटले मी."

"तू सुटलीस. ते पण सुटले ना."

जिन्मेई पुढे तायचुंगला सायकलचे भाग करणाऱ्या कारखान्यात लागली, मुलीकडे राहायला गेली. रविवारची भेट बंद झाली. आता महिन्यातून एकदा फोन. लाईच्या संकेतस्थळाने सप्टेंबरात लिहिलं, '३५० बाजारात, आमची खबर पुन्हा अचूक.' ल्वानताईने ते वाचलं आणि त्या दिवशी दुकान बंद ठेवलं. नंतर तो एकदा मजल्यावर दिसला, दुसऱ्या एका गाळ्यात चहा पीत. ती उठली, त्या गाळ्याच्या दाराशी जाऊन उभी राहिली आणि मालकाला सगळ्यांदेखत म्हणाली, "याच्यापुढे बोलू नकोस. हा ऐकत नाही, शिकार शोधतो." लाई अर्धा कप तसाच ठेवून निघून गेला. तेव्हापासून तो त्या मजल्यावर फिरकला नाही.