भिंतीवरचं माझं तोंड

थंडगार हॉल. समोर पडदा. पडद्यावर मी.

काशीच्या पंचगंगा घाटाच्या पायरीवर उकिडवा बसलोय. बाजूला वस्तऱ्यांची धोकटी. बनियन काखेत फाटलेलं. तोंड उघडं. एवढं उघडं की माशीने आत जावं, फिरून बघावं आणि जागा पसंत नाही म्हणून परत यावं. खाली मोठ्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं. मला कुठलं वाचता येतंय. शेजारच्या लल्लनला विचारलं, "का लिखल हौ?"

लल्लन पण आमच्यातलाच, न्हावी. पण चार बुकं शिकलेला. तो म्हणाला, "लिखल हौ, पहले."

मग दुसरा फोटो आला. चकाचक खुर्ची, आरसा, पांढरं जाकीट घातलेला गोरा पोरगा. तोंड बंद. खाली लिहिलेलं, अब.

मग पुन्हा मी. एक लाल ठिपका आला आणि माझ्या अंगावर फिरायला लागला. पायावर, धोकटीवर, काखेतल्या भोकावर. शेवटी माझ्या तोंडात जाऊन थांबला. बरोब्बर आत. आणि माईकवरून आवाज आला, "अव्यवस्थित सेवा. अस्वच्छ वातावरण."

हॉल हसला. सगळ्यात मोठ्याने कोण हसलं? मी. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर दुसरं कुणी सांगेल.

मी न्हावी. बनारसचा, पण मराठी. आमचा कुणी पूर्वज एका मराठी सरदाराची दाढी करत करत इथवर आला म्हणे. सरदार गेला, त्याने बांधलेला घाट राहिला आणि आम्ही राहिलो. घाटाला निदान नाव तरी आहे. राहायला मंगला गौरीच्या गल्लीत, एक खोली. शाळेत मी एकदाच गेलो, बापाबरोबर, गुरुजींची हजामत करायला. गुरुजी म्हणाले, "याला पाठव की शाळेत." बाप म्हणाला, "शिकला तर तुमची दाढी कोण करेल?" दोघं हसले. मी पण हसलो. तेव्हापासून सवयच लागली. कुणी माझ्यावर हसलं की मी आधी हसून घेतो. म्हणजे लागत नाही असं वाटायचं.

पायरीवर आम्ही भोजपुरी बोलतो, बाजारात हिंदी. मराठी घरात. बाहेर चपला घालतो तशी घरात मराठी घालतो. त्यामुळे होतं काय, बाहेर कुणी मराठीत बोललं की आम्ही बावळट त्याला घरचाच माणूस समजतो. यात्रेकरूंचं ठीक असतं. बापाच्या नावाने मुंडण करतात, रडतात, गाडी पकडून जातात. पण सगळेच मुंडण करायला येत नाहीत.

आता बारी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. बारी म्हणजे पाळी. यजमान, म्हणजे गिऱ्हाईक, पायऱ्या उतरून आला की ज्याची बारी त्याचा तो. हाका मारायच्या नाहीत. हात धरून ओढायचं नाही. भाव फोडायचा नाही. कुणी लिहून ठेवलेलं नाही हे. आमच्यात लिहिणार कोण? आणि सरजू काका. घाटावरचा सगळ्यात म्हातारा न्हावी. त्याचा हात थरथरतो. त्याची बारी आली की तो डोकं भिजवतो, चोळतो, यजमानाशी गोड बोलतो, आणि वस्तरा दुसरा कुणी चालवतो. बहुतेक मी. मजुरी काकाची. मला मोठ्या मनाचा समजू नका. माझ्या बापाचा हात थरथरायला लागला तेव्हा काका त्याच्यासाठी चालवायचा. उद्या माझाही थरथरेल. सरळ स्वार्थ आहे.

तर पुण्याकडचे एक साहेब आले. तरुण. कायदा आणि अर्थशास्त्र दोन्ही शिकलेले. सरकारला नियम कसे करावेत ते सांगायचं, हे त्यांचं काम. बूट काढले आणि पायरीवर माझ्या शेजारी बसले. शेजारी!

"दादा, तुम्ही मराठी?"

झालं. साबणाच्या फेसासारखा फुललो मी. चहा पाजला त्यांनी, दाढी मी फुकट केली. ते विचारत गेले, मी सांगत गेलो. बारी कशी चालते, भाव कसा ठरतो, नवा माणूस आला तर त्याला कुठे बसवतो. तिखटमीठ लावून. काकाची तर नक्कलच करून दाखवली, हात थरथरवून. "यजमानाला वाटतं साहेब, काका मालिश करतोय!" साहेब पोट धरून हसले. मोबाईलवर टिपून घेत होते. मला वाटलं, माझे विनोद लिहून घेतायत. फोटोपण तेव्हाच काढला. तोंड उघडं का होतं? मीच बोलत होतो ना.

तेच साहेब त्या दिवशी, आम्हा सगळ्यांना बैठकीला बोलावलेल्या त्या सरकारी हॉलमध्ये माईकवर. हिंदीत, मधेमधे इंग्रजी. दादा वगैरे काही नाही. नजर माझ्यावरून अशी गेली जशी खांबावरून जाते.

म्हणाले, घाटावरचे नाई आपसात मिळून भाव ठरवतात. गिऱ्हाईकं वाटून घेतात. नव्या माणसाला वाव देत नाहीत. अर्थशास्त्रात याला एक नाव आहे, कायद्यातही आहे. नाव इंग्रजी होतं. लल्लनने मला कोपर मारून विचारलं, "गारी हौ का?" म्हणजे, शिवी आहे का?

साहेब पुढे म्हणाले, "इतना ही नहीं. जिनके हाथ काँपते हैं, उनके पास भी ग्राहक भेजा जाता है. ग्राहक को चुनने का अधिकार नहीं." आणि त्यांनी हात थरथरवून दाखवला.

माझी नक्कल. माझ्यापेक्षा चांगली केली.

हॉल हसला. काका दोन खुर्च्या सोडून बसला होता. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

मग उपाय सांगितला. स्पर्धा पाहिजे. स्पर्धेसाठी लिलाव पाहिजे. लिलावात जो जास्त बोलेल त्या एका ठेकेदाराला सगळा घाट. खुर्च्या तो लावेल, जाकिटं तो देईल, भाव तो ठरवेल. आम्हाला ठेवलं तर ठेवलं. मी अडाणी माणूस, पण इथे वस्तरा अडला. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं तर ती टोळी. एकट्याने ठरवलं तर ती स्पर्धा. मला वाटलं माझ्या कानात साबण गेलाय.

विचारावं असं मनात आलं. तेवढ्यात बैठक चालवणारे बडे साहब म्हणाले, "अरे, वो फोटो वाला कहाँ है? आओ भाई, दो शब्द बोलो."

माईक हातात. सगळे बघतायत, ओठ आधीच पसरलेले. आणि मी काय बोललो?

"हुजूर, कुर्सी मिलेगी तो मैं बैठूँगा. जजमान खड़ा रहे."

हॉल फुटला. टाळ्या. बडे साहब म्हणाले, "देखिए, कितने खुश हैं ये लोग."

बाहेर काका जिन्यापाशी थांबला होता. शिवी देईल असं वाटलं. दिली असती तर बरं झालं असतं.

"सब बताय देहला?" एवढंच म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी बायकोने पेपर उघडला. ती सातवी शिकलेली आहे, घरातली पंडित. बघतच बसली.

"तुमचे दात छापलेत."

"काय लिहिलंय?"

"घाटावरच्या नाभिकांनी नव्या व्यवस्थेचं स्वागत केलं."

"कुणी केलं?"

"तुम्ही. दातांनी."

मी नेहमीसारखा हसायला गेलो. ती हसली नाही. "सरजू काकांनी पेपर बघितला असेल का?" म्हणाली.

घाटावर गेलो. काकाची बारी आली. यजमान उभा, खांद्यावर धोतर, बापाचं करायला आलेला. काका उठला नाही. मी म्हटलं, "काका, तोहार बारी हौ." तो म्हणाला, "हम ना करब. हमार हाथ सरकार देख लेहलस." धोकटी काखेत मारली आणि पायऱ्या चढायला लागला. घाटाच्या माथ्यावर मशीद आहे, तिच्याखालच्या उभ्या पायऱ्या, आमच्यासारख्यांना सुद्धा दम लागतो. हात भिंतीला धरत धरत गेला. यजमानाला लल्लनने घेतलं. मी बघत राहिलो.

माझ्या बघण्यात बारी पहिल्यांदा तुटली. लिलाव अजून व्हायचा होता. ठेकेदार अजून यायचा होता. बारी तोडली ती माझ्या विनोदाने.

त्या दिवसापासून मला शंकेचा रोग लागला. आधी मी कुणाचाही चहा प्यायचो. आता पाजणाऱ्याकडे बघतो. एक दिवस शिंपी आला, आमच्या छात्या मोजायला लागला. जाकिटासाठी म्हणे. मी विचारलं, "किसने भेजा?" म्हणाला, "ठेकेदार ने." "कौन ठेकेदार?" "वो तो अभी तय नहीं है." म्हणजे ठेका कुणाला मिळणार ते कुणालाच माहीत नाही, पण माझी छाती कुणाला तरी आधीच पाहिजे. लल्लन म्हणाला, असेल काहीतरी सरकारी पद्धत. मी म्हटलं, असेल. पण छाती दिली नाही.

मी काकाच्या घरी गेलो. माफी मागितली नाही, कारण माफीचाही मी विनोद केला असता. म्हटलं, "लिलावाआधी सुनवाई आहे. ज्याला हरकत असेल त्याने येऊन सांगायचं. तू फक्त बस." तो आला.

तोच हॉल. तोच थंडावा. बडे साहब मला बघताच खुलले. "अरे आओ, आओ! आज क्या सुनाओगे?"

माझ्या हातात माईक. सगळ्यांचे ओठ तयार. त्या क्षणी मला दिसलं की मी इथे कशासाठी आहे. यांना माझी हरकत नको, होकार पण नको. फक्त हसू पाहिजे. हॉल हसला की लिहायला मोकळे, लोक खूश आहेत. इतकी वर्षं मी ते फुकट वाटत होतो.

मी म्हटलं, "साहब, हमको मंजूर नहीं."

हसले. खरंच हसले. पुढे काहीतरी गंमत येणार म्हणून.

पुन्हा म्हटलं, "मंजूर नहीं."

पुन्हा हसले, पण थोडे कमी. मी तसाच उभा. तोंड बंद. आयुष्यात पहिल्यांदा माईक हातात आणि तोंड बंद. हसू एकेका ओळीतून गेलं.

पुण्याचे साहेब उठून जवळ आले. हळूच, मराठीत, अगदी घरच्यासारखं म्हणाले, "दादा, बसा ना आता. आपण दोघं नंतर बोलू निवांत."

माईक माझ्या तोंडापाशीच होता. मी म्हटलं, "ही माझ्या घरची भाषा आहे साहेब. इथे काढू नका. जे काय बोलायचं ते हिंदीत बोला, माईकवर बोला. सगळ्यांना कळू दे." मग तेच हिंदीत सांगितलं, सगळ्यांना. आणि पुढे सांगितलं, "हाँ, हम लोग मिलकर तय करते हैं. जिसका हाथ काँपता है, उसकी भी बारी लगती है. लगेगी."

साहेबांचा चेहरा पडला वगैरे काही नाही. बडे साहब म्हणाले, "ठीक है, इनकी बात भी नोट कर लीजिए." आणि पुढच्याला बोलावलं.

नोट केली का, मला माहीत नाही. केली असेल तर काय लिहिलं तेही माहीत नाही. घाटाच्या वरच्या अंगाला ठेकेदाराच्या खुर्च्या आल्यात. आमच्यातल्या काहींनी जाकिटं घेतली. त्यांना मी शिव्या देत नाही, घरी चूल आहे. वकील केलाय. तो म्हणतो, फेरीवाल्यांच्या कायद्यात आपल्यासाठी पण कलमं आहेत, असं सहज उठवता येत नाही. असतील. पण त्याच्यावरही माझी नजर आहे, कारण तो पण मला भेटला की आधी म्हणतो, एखादा किस्सा सांग.

सांगत नाही.

उरलेले आम्ही खालच्या पायरीवर बसतो. काका डोकं भिजवतो, मी वस्तरा चालवतो. आता चोरून नाही. यजमानाला आधी सांगतो, यांचा हात थरथरतो, पण बारी यांची आहे. पटलं तर बसतो, नाही तर वर खुर्ची आहेच. शिपाई दोनदा येऊन गेला. धोकट्या उचलेन म्हणाला. मी त्याला सांगितलंय, एकाची उचलायची नाही. उचलायच्या तर सगळ्यांच्या एकदम उचल, आणि तुझ्या साहेबांना जाऊन सांग की यांनी हे पण मिळूनच ठरवलंय.