अस्सल वऱ्हाडी आवाज

धरमपेठेतल्या शाळेच्या ऑफिसात कामिनी नोकरीला लागली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापिकांनी तिला बोलावून घेतलं. "पालकांसमोर 'मले-तुले' नको हं. शुद्ध बोलायचं." काटोलच्या कामिनीने मुकाट्याने जिभेला वळण लावलं. वर्षं गेली, वळण पक्कं झालं.

अन् आता हे! शाळेच्या संमेलनातलं तिचं निवेदन ऐकून, शिवाय ती काटोलची म्हणून, कोणीतरी तिचं नाव लोणच्याच्या जाहिरातीसाठी सुचवलं. हवा होता अस्सल वऱ्हाडी आवाज. दिग्दर्शक अनिश मुंबईचा. स्टुडिओत त्याने कागद पुढे केला. त्यात बायको नवऱ्याला विचारते, "काहून वं, लोणचं संपवलं?"

"नवऱ्याला 'वं' नाही म्हणत," कामिनी म्हणाली. "ते बायांना, 'गं'सारखं."

"पण 'वं' आलं की कसं वऱ्हाडी वाटतं!"

कामिनीने माहेरी बोलतात तसं बोलून दाखवलं, "काहून जी, पूरी बरणी खतम करून टाकली?"

अनिशने मान हलवली. "पूरी, खतम... हे हिंदी झालं, ताई. अस्सल हवंय."

"अहो, आमच्या घरी असंच बोलतात!"

"बोलत असतील. ऐकणाऱ्याला खरं वाटलं पाहिजे ना."

तिचं डोकंच फिरलं. तिकडे शाळेत बाईंना तिची बोली जास्त झाली होती, इकडे याला कमी पडत होती. तरी तिने पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. दर वेळी वाक्य जास्तच ताठरत गेलं. शेवटी हेडफोनमधून ऐकलं, तर बोलणारी बाई तिच्या ओळखीचीच नव्हती. "तुमचं तुम्हीच बोला!" म्हणत ती तडक बाहेर पडली.

जाहिरात आली. आवाज भलत्याच कोणा पोरीचा, शब्दाशब्दाला 'वं'. संध्याकाळी काटोलहून आईचा, मनकर्णाबाईंचा फोन.

"टीव्हीवर तुहा आवाज आयकला वं पोरी! कित्ती गोड बोलली!"

"तो माझा नाहीये, आई. मी सोडलं ते काम."

"नाही?" मनकर्णाबाई हिरमुसल्या. "मले वाटलं तूच. बरं वाटलं होतं, पोरगी पुन्हा आपल्यासारखी बोलून राहिली म्हणून. आमच्याशी तर तू त्या शाळेतल्यासारखीच बोलतं."

कामिनी चिडून काहीतरी बोलणार होती. पण कोणत्या बोलीत चिडावं, तेच तिला सुचेना. "गॅसवर भाजी आहे," म्हणत तिने फोन ठेवला. भाजी अजून चिरायचीच होती.